जनुक कुठे आणि केव्हा व्यक्त होते: सी. एलिगन्ससाठी पद्धत निवडताना

सी. एलिगन्स या सूत्रकृमीत एखादे जनुक कोणत्या पेशीत व कोणत्या अवस्थेत व्यक्त होते, म्हणजे चालू होऊन आरएनए व प्रथिन बनवते, हे पाहायचे असेल, तर निवड मुख्यतः तीन पद्धतींमधून करावी लागते: प्रवर्तकाला (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागाला) जोडलेला जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन), क्रिस्परने (डीएनए नेमक्या जागी बदलण्याच्या तंत्राने) मूळ जनुकातच बसवलेला जीएफपी आणि आरएनएचा एकेक रेणू दाखवणारी स्मफिश.

प्रवर्तकाचा रिपोर्टर, म्हणजे प्रवर्तक व जीएफपी जोडून कृमीत टोचलेला डीएनए, सर्वांत सोपा आहे. १९९४ साली मार्टिन चॅल्फी व सहकाऱ्यांनी मेक-७ या जनुकाच्या प्रवर्तकावरून जीएफपी बनवून घेऊन जिवंत कृमीतील स्पर्शग्राही चेतापेशी उजळून दाखवल्या. रंग पेशीभर पसरतो, त्यामुळे तिचे तंतू कुठे जातात हे पाहून ती ३०२ चेतापेशींपैकी कोणती हे ओळखता येते. मात्र टोचलेला डीएनए काही पेशींमधून गळून जातो, जननपेशींमध्ये तो बहुधा मूक होतो आणि जीएफपी दीर्घकाळ टिकत असल्याने जनुक बंद कधी झाले याचे उत्तर तो विश्वासाने देत नाही.

लिन-१४ या जनुकाचे उदाहरण येथे निर्णायक वाटते. त्याचे प्रथिन पहिल्या अळी-अवस्थेच्या सुरुवातीला भरपूर असते आणि पुढे झपाट्याने घटते. ही घट लिन-४ हा सूक्ष्म आरएनए घडवतो: तो लिन-१४ च्या संदेशाच्या (प्रथिन बनवण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या आरएनएच्या) ३′ टोकाकडील अभाषांतरित, म्हणजे ज्यापासून प्रथिन बनत नाही अशा, भागाला चिकटतो. तो भाग वगळून केवळ प्रवर्तक घेतलेल्या रिपोर्टरला हे नियंत्रण दिसणारच नाही. म्हणून विकासातील वेळ हाच प्रश्न असेल, तर मी क्रिस्परची जोडणीच आधी करीन: मूळ स्थान, मूळ नियंत्रक भाग, सारे जागच्या जागी राहते. जोडलेल्या जीएफपीमुळे प्रथिनाचे कार्य बिघडले नाही ना, हे मात्र तपासावेच लागते, आणि अभिव्यक्ती क्षीण असल्यास आतड्यातील कणिकांच्या स्वयंप्रकाशात खरा संकेत हरवून जातो.

अशा वेळी स्मफिश उपयोगी पडते. सुमारे २० न्यूक्लिओटाइडांचे अनेक प्रोब (संदेशाला जुळणारे, चमकणारे डीएनएचे तुकडे) एकाच संदेशावर बसतात आणि प्रत्येक रेणू वेगळा ठिपका म्हणून मोजता येतो. भ्रूणातील केंद्रके मोजून त्याचे वयही ठरवता येते. पण नमुना स्थिर केलेला, म्हणजे मृत असतो, त्यामुळे एकाच कृमीचा पुढचा तास पाहता येत नाही. शिवाय ठिपके संदेशाचे असतात, प्रथिनाचे नव्हे. लिन-१४ सारख्या जनुकात हा फरक विसरून चालत नाही.