डेक्कन एक्स्प्रेसचा काचेचा डबा: बोरघाटापुरता पैसा वसूल

रजा न टाकता, हॉटेल न घेता, एका रविवारात पाऊस आणि धबधबे. मुंबईतल्या विशीतल्या मुलामुलींना बोरघाटाकडे ओढणारं गणित एवढंच आहे, आणि ते अगदी रास्त आहे. त्यांच्या या हौसेला रेल्वेने दिलेलं उत्तर म्हणजे मुंबई-पुणे डेक्कन एक्स्प्रेसचा व्हिस्टाडोम, म्हणजे मोठ्या खिडक्यांचा आणि काचेच्या छताचा डबा. हा डबा जून 2021 मध्ये या गाडीला लागला.

आसनं 44, दोन-दोनच्या रांगा. म्हणजे दरीच्या बाजूच्या खिडक्या फक्त 11. मुंबईहून जाताना दरी डावीकडे असते, पुण्याहून येताना उजवीकडे. तिकीट काढताना खिडकीची पसंती नोंदवता येते, बाजू निवडता येत नाही. त्यामुळे दोघांनी एकाच तिकिटावर नाव घालावं. एकाला खिडकी मिळाली तर घाटात आलटून पालटून बसता येतं. खुर्च्या 180 अंशांत फिरतात, पण त्यासाठी बसलेल्याने उठावं लागतं आणि पाठ आधी सरळ करावी लागते, नाहीतर ती मागच्या खुर्चीला अडते. हे काम कर्जतच्या आधीच उरकावं.

आता मुख्य गोष्ट. प्रवास चार तासांचा, आणि ज्यासाठी एवढं भाडं मोजायचं तो घाट कर्जत ते लोणावळा, जेमतेम 28 किलोमीटर. कल्याणपर्यंत तर लोकलमधून दिसतं तेच दिसतं. घाटाचा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर, म्हणून कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. आपला डबा गाडीच्या शेपटीला असेल, तर मागच्या मोठ्या काचेतून घाटभर इंजिनाचं तोंड दिसणार. व्हिडिओची सगळी मदार त्या काचेवर ठेवून गेलेल्यांची इथेच निराशा होते. ठाकुरवाडी ते मंकी हिल या पट्ट्यात बाजूच्या खिडकीशीच बसावं.

फोटोसाठी परतीची गाडी सरस. दरी पूर्वेला आहे. सकाळी उजेड थेट लेन्समध्ये शिरतो, दुपारी तो पाठीशी असतो आणि हिरवा रंग खुलतो. काच उघडत नाही, म्हणून फोन काचेला टेकवून धरा आणि आजूबाजूला गडद ओढणी किंवा जॅकेट लावा, म्हणजे डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब येत नाही. बोगद्यातून बाहेर पडताना कॅमेरा गडबडतो आणि पहिले दोन-तीन सेकंद नुसता पांढरा उजेड येतो. बोगद्याआधी उजेडातच एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची पातळी, लॉक करावं. एसीने थंड झालेल्या काचेवर दमट हवेत बाहेरून वाफ धरते. ती आतून कितीही पुसली तरी जात नाही. छताच्या काचेतून मात्र ढग आणि कातळ दिसतात ते फार सुंदर, दुसऱ्या कुठल्याही वर्गात ते मिळत नाही.

पण पाऊस अंगावर येत नाही, ओल्या मातीचा वास येत नाही. ज्यांना तोच हवा आहे त्यांनी एका फेरीला व्हिस्टाडोम आणि दुसऱ्या फेरीला सेकंड सिटिंग, म्हणजे बिनाएसीचा बैठा डबा, असं तिकीट काढावं. सेकंड सिटिंगचं भाडं याच्यापुढे किरकोळ आहे, खिडकी उघडी असते आणि हात बाहेर न काढताही तोंडावर तुषार येतात. दारात उभं राहू नये. घाटातली वळणं आणि बोगद्यांच्या भिंती फार जवळून जातात.

पुण्यापर्यंत जाण्यापेक्षा लोणावळ्याला उतरणं शहाणपणाचं. पुण्यात अकरा वाजतात आणि सव्वातीनला परतीची गाडी सुटते, म्हणजे हातात चारच तास. लोणावळ्यात सहा मिळतात. भाडं अंतरावर असल्याने तेही कमी होतं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारची तिकिटं हवी असतील तर थांबून चालत नाही.

सामानाचा रॅक डोक्यावर नाही, दाराजवळ आहे. लॅपटॉप आणि पाकीट असलेली पिशवी पायाशीच ठेवा. मुसळधार पावसात दरड आली की घाटातल्या गाड्या रद्द होतात. आदल्या रात्री आणि पहाटे निघण्याआधी अशी दोनदा गाडीची स्थिती तपासावी. रेल्वेने गाडीच रद्द केली तर ई-तिकिटाचे पूर्ण पैसे आपोआप परत येतात, स्वतः तिकीट रद्द करायची घाई करू नये.