कुत्र्यांना सेफ म्हणून साप पळवायची पावडर टाकली, निघालं फोरेट हे जहाल कीटकनाशक

सांगली-मिरज भागात ज्यांची कुत्री अंगणात मोकळी असतात त्यांनी हे वाचाच, कारण ती टाकणारा कॉन्ट्रॅक्टर अजून कामं घेत फिरतोय.

आमचं घर हरिपूर रोडला, मागं ऊस, नदी जवळ, त्यामुळं पावसाळ्यात घोणस नाहीतर नाग दिसणारच. आमची कुत्री मोती आणि चिक्की दिवसभर अंगणात, म्हणून कंपाउंड नीट करून घ्यायचं ठरलं आणि ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. बोलायला लई गोड. "ताई, पूर्ण पेट सेफ करून देतो, काळजीच सोडा." जाळी, गेटखालची फट बंद आणि कडेनं सापाची हर्बल पावडर, कुत्र्यानं चाटली तरी काही होत नाही म्हणे. सगळे मिळून 42 हजार, निम्मे आधी.

जाळीत पण मारलंच. ठरली होती 10 गेज, बसवली 12. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. 10 गेज म्हणजे सव्वातीन एमएम, 12 म्हणजे साधारण 2.6. शेजारचे काका कुपवाड एमआयडीसीत कामाला, त्यांनी जाडी मोजायचा व्हर्नियर लावून दाखवलं. जाळी किलोवर मिळते, म्हणजे पैसे कुठं गेले ते कळलं. खांबांचे खड्डे वीतभर, आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की ते कलणार. पण ते जाऊ दे, पैशाचं काय, आज गेले उद्या मिळवू.

पावडरीचं मात्र मी सोडणार नाही. पावडर कसली, बारीक दाणे होते, साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, नाव नाही लेबल नाही, वास असा की डोकं चढेल. टाकून गेला त्याच संध्याकाळी चिक्की भिंतीकडेनं हुंगत फिरली आणि थोड्या वेळात तोंडातून लाळेच्या तारा, मग उलटी, मागचे पाय लटलट कापायला लागले, डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तसंच उचलून मिरजेला नेलं. डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं घरात कीटकनाशक आहे का, ॲट्रोपिन हे विषावरचं औषध चालू केलं, पंजे आणि अंग धुवायला लावलं कारण हे विष कातडीतून पण आत जातं. वाचली पोरगी, पण रात्रभर आमच्या जिवात जीव नव्हता.

दुसऱ्या दिवशी डिग्रजचे मामा आले. ऊसवाले. राहिलेल्या पिशवीचं तोंड जरा उघडलं आणि लगेच मागं सरले, "अगं हे फोरेट हाय, उसाच्या मुळ्या खाणाऱ्या हुमणी अळीला टाकायचो आम्ही, हात लावू नकोस." आणि हे फोरेट देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंद आहे! बंदी असलेलं जहर हर्बल म्हणून अंगणात टाकून गेला. फोन केला तर म्हणतो, "सगळीकडं हेच टाकतात, कुत्रं बांधून ठेवायचं ना ताई." नंतर माझा नंबर ब्लॉक.

पावडर टाकून साप थांबत नाही हो, तो उंदरांच्या मागं येतो. बिळं बुजवा, लाकडं-विटांचा ढीग हलवा, गेटखालची फट बुजवा, निघालाच तर सर्पमित्राला बोलवा. कुठलंही औषध सीलबंद पॅकमध्येच घ्या, लेबलवर रंगीत त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल. सुट्टं कुणी आणलं तर दारातूनच परत पाठवा. मी पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार दिलीय, ग्राहक हेल्पलाइन 1915 ला पण नोंदवलीय.

ज्यांच्याकडं असली पावडर आधीच पडलीय त्यांनी आजच कुत्री आत घ्या, लहान पोरांना तिकडं सोडू नका, पाणी मारून धुवू नका, ते सगळं मातीत आणि बोअरकडं जाईल. आणि कुत्र्याची लाळ गळायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत बांधून डॉक्टरांकडं सोबत न्या.