घटस्फोटाच्या दाव्यात मानसशास्त्रज्ञाची साथ : पुण्यातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

पुण्यातील ज्या समुपदेशन केंद्राविषयी मी लिहीत आहे, तेथे माझी धाकटी बहीण गेल्या वर्षापासून जात आहे. तिचा घटस्फोटाचा आणि मुलाच्या ताब्याचा दावा कौटुंबिक न्यायालयात अजून चालू असल्यामुळे केंद्राचे नाव देत नाही; हे लिहिण्यास तिची संमती आहे. नाव नसले तरी अशी सेवा शोधणाऱ्याने नेमके काय तपासून पाहावे, हे या अनुभवावरून ठरवता येईल.

केंद्र चालवणाऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. एम.फिल. झाल्यावर त्यांनी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी केली, काही वर्षे रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम केले, नंतर कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक म्हणून काम पाहिले आणि त्याच काळात कायद्याची पदवीही घेतली. त्या वकिली मात्र करत नाहीत. १९८४च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने अशा माणसांसाठी सुरुवातीपासूनच जागा ठेवलेली आहे : कलम ६ नुसार समुपदेशक नेमले जातात, कलम ९ नुसार न्यायालयाने आधी समेटाचा प्रयत्न करायचा असतो आणि कलम १२ नुसार न्यायाधीशांना वैद्यकीय किंवा समाजकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांची मदत घेता येते. तरीही मनाचे दुखणे आणि कोर्टाची तारीख या दोन्ही गोष्टी एकाच वेळी समजणारी व्यक्ती सहज सापडत नाही, आणि सापडली तर तिच्याकडून नको त्या कामाची अपेक्षा केली जाते.

बहिणीच्या बाबतीत तेच घडत होते. बाळंतपणानंतर तिला नैराश्य आले होते आणि मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या तिने काही महिने घेतल्या होत्या. तिच्या नवऱ्याने दाखल केलेल्या अर्जात या गोळ्यांचा उल्लेख अशा रीतीने केला होता, की ती मुलाला सांभाळण्यास असमर्थ आहे असे वाचणाऱ्याला वाटावे. आमच्या वकिलांची साहजिक मागणी होती, की मॅडमनी ‘मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम’ असे प्रमाणपत्र द्यावे. मॅडमनी ते दिले नाही. ज्या व्यक्तीवर आपण उपचार करतो, तिच्या पालकत्वाचे मूल्यमापन आपण करू नये, कारण उपचार करणारा तिच्या बाजूला बसलेला असतो आणि मूल्यमापन करणाऱ्याने कोणाच्याच बाजूला बसायचे नसते, असे त्यांनी पहिल्याच भेटीत समजावले. मूल्यमापन हवेच असेल, तर दोन्ही पालकांना आणि मुलाला भेटणारा स्वतंत्र तज्ज्ञ न्यायालयाकडूनच मागून घ्यावा, असा सल्ला त्यांनी दिला. वकिलांना हे पसंत पडले नाही. माझ्या मते मात्र या केंद्राची सर्वांत मोठी गुणवत्ता या नकारातच आहे. एका बाजूने पैसे देऊन आणलेले गुळगुळीत प्रमाणपत्र उलटतपासणीत किती वेळ टिकते, हे कोर्टात बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

मॅडमनी जे दिले, ते अधिक उपयोगी ठरले. बहिणीच्या लेखी संमतीने त्यांनी उपचारांचा एक संक्षिप्त गोषवारा लिहून दिला : उपचार कधी सुरू झाले, ती नियमित येते का, आता कोणती लक्षणे आहेत आणि कोणती नाहीत. सत्रांत ती काय बोलली, याचा त्यात एक शब्दही नव्हता, कारण २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. वकिलांशी बोलताना त्यांनी आणखी दोन मुद्दे मांडले. याच कायद्याच्या कलम ३ प्रमाणे केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून सक्षम न्यायालयाने तसे ठरवल्याशिवाय कोणी ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही. आणि आजाराचे नाव पुरेसे नसून त्याची तीव्रता पाहावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच राम नारायण गुप्ता खटल्यात सांगितले आहे. गोळ्यांच्या उल्लेखाने खचलेल्या माझ्या बहिणीला या दोन वाक्यांनी जेवढा धीर दिला, तेवढा आम्हा घरच्यांच्या शंभर समजुतींनी दिला नव्हता.

मुलाबाबतचे मार्गदर्शनही तितकेच नेमके आहे. भाचा आठ वर्षांचा आहे आणि रविवारी वडिलांना भेटतो. भेटीहून परतल्यावर त्याला ‘बाबा काय म्हणाले?’ असे विचारायचे नाही, त्याच्यामार्फत निरोप पाठवायचे नाहीत आणि न्यायाधीशांपुढे काय बोलायचे हे शिकवायचे नाही, अशी सक्त सूचना आहे. घरातील आजी-आजोबांनाही एकदा बोलावून ती समजावली गेली. पालकत्वासंबंधीच्या १८९०च्या कायद्यानुसार विचार करून मत देण्याइतक्या मोठ्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते, पण ती पसंती पढवलेली असेल तर पढवणाऱ्या पालकावरच ती उलटते, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. मध्यस्थीतील बोलणे गोपनीय असले, तरी ताब्याच्या प्रकरणात न्यायालयाच्या समुपदेशकाचा मुलाविषयीचा अहवाल न्यायाधीश वाचू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पेरी कन्सागरा प्रकरणात ठरवले आहे. कोणत्या खोलीतले बोलणे कोठपर्यंत जाते, हा फरक समुपदेशनाची तारीख लागण्यापूर्वीच पक्षकाराला कळायला हवा आणि बहिणीला तो येथे कळला.

उणिवाही आहेत. संध्याकाळची आणि शनिवारची वेळ मिळवण्यासाठी फार थांबावे लागते, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांची अडचण होते. लेखी गोषवारा हाती येण्यास सांगितल्यापेक्षा उशीर झाला आणि वकिलांना पुढची तारीख मागावी लागली. इमारतीला लिफ्ट नाही. एका सत्राचे दीड हजार रुपये हा दर अनेक कुटुंबांना परवडणारा नाही, विशेषतः पोटगीचा निर्णय व्हायचा असताना. तथापि शुल्क आधीच लेखी दिले जाते आणि वकिलांशी होणाऱ्या फोनचे वेगळे पैसे लावले जात नाहीत.

नवरा-बायको दोघांनाही एकत्र समुपदेशन हवे असेल, तर त्यांनी तसे आधीच सांगावे, कारण एकदा एकाचे उपचार सुरू झाले की मॅडम दुसऱ्याला घेत नाहीत, त्याला दुसरीकडे पाठवतात. पहिल्या भेटीला जाताना अर्जाची प्रत, न्यायालयाचे आजवरचे आदेश आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. ही कागदपत्रे वाचल्याशिवाय मॅडम दाव्याविषयी कोणतेही मत देत नाहीत.