एफटीआयआयचं एक वर्ष की मालिकेचा सेट?

पदवी झाली, आता टीव्ही दिग्दर्शक व्हायचंय. अशा मुलामुलींपुढे महाराष्ट्रात ठळक वाटा दोन. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायचा, किंवा ओळख काढून थेट मालिकेच्या सेटवर असिस्टंट म्हणून लागायचं.

आत शिरण्यापासूनच फरक पडतो. एफटीआयआयला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण प्रवेश परीक्षा देशभरातली आणि जागा मोजक्या. निवड झाली नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत थांबा. सेटवर परीक्षा नाही, मात्र दार ओळखीनेच उघडतं. इथे एकांकिका केलेली मुलं पुढे असतात. ‘पुरुषोत्तम करंडक’ या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेसाठी तालमी केलेल्यांचा कुणी ना कुणी सीनियर कुठल्या तरी मालिकेवर असतोच. शिवाय नटाकडून काम काढून घ्यायची सवय नाटकातच लागते. ती क्लासमध्ये लावणं अवघड.

शिकायला काय मिळतं? एफटीआयआयचा टीव्ही विभाग दूरदर्शनच्या लोकांना तयार करण्यासाठी उभा राहिला. १९७१मध्ये दिल्लीत सुरू झालेलं प्रशिक्षण केंद्र १९७४मध्ये पुण्याला आलं. त्यामुळे मल्टिकॅमेरा स्टुडिओ ही तिथली खरी जमेची बाजू. पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये बसून तीन-चार कॅमेरे एकाच वेळी सांभाळायचे, हे मालिकेच्या सेटवर सहसा शिकायला मिळत नाही. रिअ‍ॅलिटी शो, पुरस्कार सोहळे, बातम्या, खेळांचं प्रक्षेपण यांकडे जायचं असेल तर हे वर्ष सोन्याचं. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. शेजारच्याच वर्गांत छायांकन, संकलन आणि ध्वनी शिकणारी मुलं असतात. पुढची दहा वर्षं कामं फिरतात ती या ओळखींवर.

सेटवरचं पहिलं वर्ष क्लॅप, कॉलशीट (दिवसाच्या शूटिंगचं वेळापत्रक) आणि कन्टिन्युटीत (शॉटमागून शॉट जुळवण्यात) जातं. शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही, लोकेशनच्या सोयीने होतं. नायिका आज दारातून बाहेर पडते आणि अंगणातलं तिचं पाऊल आठवड्याने पडतं. मधल्या काळात पदर कुठल्या खांद्यावर होता, टिकली केवढी होती, पिशवी कुठल्या हातात होती, याचा जबाब असिस्टंटने द्यायचा. कंटाळवाणं वाटतं, पण सीन तुकड्यांतून कसा जुळतो हे यातूनच डोक्यात बसतं. सीन दुपारी मोबाइलवर येतो, नट पाचला सुटणार असतो, बँकेत, म्हणजे तयार साठ्यात, दोनच एपिसोड उरलेले असतात. अशा वेळी अख्ख्या सीनचा मास्टर शॉट घेऊन कुठले क्लोजअप सोडायचे, हे ठरवायचा वेग सेटच देतो. डेली सोपच करायची असेल तर माझं मत सरळ आहे : सेट. कोर्स करून आलात तरी तिथली पहिली जागा बहुतेकदा असिस्टंटचीच असते.

मात्र मालिकेचा दिग्दर्शक म्हणजे कथेचा मालक, असा समज असेल तर तो आधीच सोडा. कथेचा ट्रॅक, म्हणजे पुढची वळणं, चॅनल आणि लेखक ठरवतात, गुरुवारी टीआरपीचे आकडे आले की बदलतातही. ज्यांना निर्णय स्वतःकडे हवेत, त्यांच्यापैकी काही जण पुढे चॅनलमध्येच जातात. सतीश राजवाडे स्टार प्रवाहच्या प्रमुख पदावर, तर केदार शिंदे कलर्स मराठीच्या कार्यक्रम विभागाच्या प्रमुख पदावर गेले. दोघंही आधी दिग्दर्शक होते. स्वतःची गोष्ट सांगायची ओढ असलेल्याला अभ्यासक्रमात निदान छोट्या फिल्मपुरता पूर्ण हात मिळतो.

आता पैसे. एफटीआयआय सरकारी आहे, तरी फी आणि पुण्यातला वर्षाचा खर्च घरच्यांना पेलावा लागतो, कमाई शून्य. सेटवर कमाई असते, पण थोडी आणि उशिरा. या धंद्यात ९० दिवसांनी पैसे देण्याची रीतच आहे. ठाण्या-डोंबिवलीत घर असलेला मुलगा हे तीन महिने काढतो. नांदेडहून येऊन खोली भाड्याने घेणाऱ्याला ते आधी साठवून आणावे लागतात. सातारा-कोल्हापूरकडे चालणाऱ्या मालिका अशांसाठी बऱ्या, कारण तिथे युनिटची राहण्याजेवण्याची सोय बहुधा निर्मितीकडून होते. बारा तासांची शिफ्ट मात्र सगळीकडे आहे, आणि ती बारा तासांतच संपते असंही नाही.

हाताशी बचत असेल, मल्टिकॅमेरा किंवा माहितीपटाची ओढ असेल, मुंबईत कुणीच ओळखीचं नसेल, तर परीक्षेचा अर्ज भरा. नाटकाचं अंग असेल आणि मालिकाच करायची असेल, तर सेट गाठा. तिथे होकार देण्याआधी मात्र विचारून घ्या : पैसे महिन्यावर की दिवसावर, चेक कधी निघणार, नाव श्रेयनामावलीत येणार का, आणि दिग्दर्शकांच्या संघटनेचं, म्हणजे इफ्टडाचं कार्ड काढायला कोण मदत करणार. ‘बघू नंतर’ असं उत्तर आलं, तर दुसऱ्या सेटवर चौकशी करा.