मोडीचा ऑनलाइन वर्ग: थेट, रेकॉर्ड केलेला की व्हॉट्सॲपवरचा?

मोडी लिपी चांगली येते, शिकवायची हौसही आहे, वर्ग ऑनलाइन काढायचाय, पण कसा? असं विचारणारे अधूनमधून भेटतात. त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: झूम घेऊ की मीट? खरं तर तो अगदी शेवटी विचारायचा प्रश्न. झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत गुंडाळावी लागते, मीटवर तिघे किंवा जास्त असले तर ६० मिनिटं मिळतात. आपल्या कामापुरता फरक एवढाच. आधी ठरवायचं ते वेगळंच: विद्यार्थ्याने गिरवलेलं पान तुमच्या डोळ्यांखालून कधी आणि कशा रूपात जाणार? मी तिन्ही प्रकार चालवून पाहिले, आणि प्रत्येक वेळी वर्ग तरला किंवा बुडाला तो याच एका गोष्टीवर.

शिकायला कोण येतं ते आधी बघू. पहिले, हातात कागद घेऊन येणारे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, गावोगावची जुनी दप्तरं उघडली आणि मोडी वाचणारे कमी पडायला लागले. तेव्हापासून पणजोबांचं खरेदीखत घेऊन येणारे वाढले. दुसरे इतिहासाचे विद्यार्थी. त्यांना उद्या पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसायचं असतं. तिसरे निवृत्त हौशी. लहानपणी आजोबांची मोडीतली वही पाहिलेली आणि ती वाचायची राहून गेलेली. यांच्यातच अमेरिकेतली मंडळीही धरा.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: काही जण बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, तेव्हा प्रत्येकाच्या शैलीप्रमाणे वेगळा धडा बनवा. त्या फंदात पडू नका. २००८मध्ये मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं संशोधन तपासलं, तेव्हा अशी वाटणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. आणि मोडी नुसती ऐकून कुणाला येणार? आपल्या विद्यार्थ्यांत फरक असतो तो मोकळ्या वेळेचा, हातातल्या फोनचा आणि शिकण्यामागच्या गरजेचा.

थेट वर्गाची खरी ताकद मला उशिरा कळली. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. बाळबोधीची, म्हणजे देवनागरीची, सवय असलेला माणूस नेमकं उलट करतो: अक्षर आधी, रेघ मागाहून. तयार पानाचा फोटो पाहिला तर चूक दिसतच नाही, पान छान दिसतं. दोन महिन्यांनी त्याच माणसाचा हात अडखळायला लागतो, कारण मोडीचा वेग हात न उचलण्यात आहे आणि हा प्रत्येक शब्दाला दोनदा उचलतोय. थेट वर्गात मी प्रत्येकाला कॅमेरा चेहऱ्याकडून हाताकडे वळवायला सांगतो. पुस्तकांच्या चळतीवर फोन आडवा ठेवला तरी भागतं. पाच मिनिटांत कळतं कोण काय करतंय.

पण ही नजर बारा माणसांपुरतीच पुरते. चाळीस जण घेतले की तेच चौघे बोलतात, बाकीचे म्यूट करून बसतात. वेळेचाही घोळ आहेच. आपला शनिवारी संध्याकाळी सातचा वर्ग न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला असतो. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की तोच साडेआठला येतो. एका वर्षी मी हे सांगायला विसरलो. त्या शनिवारी तिकडचे तिघे वर्ग संपल्यावर उगवले आणि 'गुरुजी, आज सुट्टी आहे का?' म्हणून ग्रुपवर विचारत बसले.

रेकॉर्ड केलेल्या धड्यांत मी सुरुवातीला सरळ चूक केली. थेट वर्गाचंच तासाभराचं चित्रण धडा म्हणून टाकलं. आकडे पाहिले तर बहुतेकांनी पहिल्या काही मिनिटांतच बंद केलेलं. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांत व्हिडिओ पाहिल्याच्या ६९ लाख नोंदी तपासून २०१४मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी जे दाखवलं, तेच माझ्या अंगणात घडत होतं: माणसं सहा मिनिटांच्या आतले व्हिडिओ नीट बघतात. त्यांचं दुसरं निरीक्षण तर आपल्या पथ्यावर पडणारं आहे. नुसत्या स्लाइडपेक्षा समोर हाताने लिहून दाखवलेला धडा जास्त धरून ठेवतो. तेव्हा एका व्हिडिओत एकाच धाटणीची तीन-चार अक्षरं, वरून टिपलेला हात, बस. यूट्यूबवर वेग निम्मा करता येतो. हात थरथरणाऱ्या आजींना त्याचा जो उपयोग होतो, तो थेट वर्गात मी कितीही सावकाश लिहिलं तरी होत नाही.

रेकॉर्डेड वर्गाची दुखरी नस म्हणजे तो पुरा कुणी करत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या अभ्यासक्रमांतही नाव घालणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत जाणारे २०१७-१८मध्ये जेमतेम तीन टक्के होते. मग आपली काय कथा! त्यावर मला लागू पडलेला उपाय एकच: प्रत्येक व्हिडिओनंतर चार ओळींचा न पाहिलेला कागद द्यायचा आणि वाचन पाठवल्याशिवाय पुढचा धडा उघडायचा नाही. पुन्हा पुन्हा बघण्यापेक्षा आठवून उत्तर दिल्याने जास्त काळ लक्षात राहतं, हे मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६मध्ये दाखवून दिलंय. कागदात 'अर्बा' हा अरबी शब्द आला की चार हे आठवायचं, शुहूर सनात (जुन्या मराठी कागदांतल्या कालगणनेच्या वर्षात) ५९९ किंवा ६०० मिळवून इसवी सन काढायचं. हे नुसतं बघून होत नाही.

ऑनलाइन फॉर्मवर आपोआप गुण देण्याची सोय मात्र मोडीला झेपत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत नाही. 'दिन' आणि 'दीन' एकाच रूपात लिहिले जातात. विद्यार्थी बरोबर वाचतो, देवनागरीत दुसरी वेलांटी देतो आणि यंत्र त्याला शून्य देतं. माझ्या एका विद्यार्थिनीने याच कारणाने वर्ग सोडायची भाषा केली होती. चूक माझी, मी उत्तरपत्रिका तशी बनवली होती. आणि मोडीत टंकून उत्तर मागू नका. युनिकोडमध्ये मोडी २०१४मध्ये आली, पण लोकांच्या फोनवर तिचा कीबोर्ड नसतो.

मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर, घ्यावं का? ते फुकट आहे, २००२पासून चालू आहे, पण सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तीस विद्यार्थ्यांसाठी गूगल क्लासरूम भरपूर झालं.

व्हॉट्सॲपच्या वर्गाला लोक नाक मुरडतात. मी मुरडत नाही. कागद घेऊन आलेल्या माणसाकडे लॅपटॉप नसतो, ठरलेली वेळ नसते, रेंज शेताच्या बांधावर असते. ग्रुप मात्र असतो. त्याने रात्री अकराला पान पाठवावं, मी सकाळी लाल गोल काढून आवाजात चूक समजावून सांगावी, हे सुरळीत चालतं. दोन गोष्टी पाळा. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर बारीक रेघा पुसट होऊन अक्षराची गाठच दिसत नाही. आणि रेघ-आधी-अक्षर-नंतर हे तपासायला आठवड्यातून एकदा लिहितानाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ मागवा. ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात म्हणून तेवढी घेऊ नका. पंचविसाच्या पुढे गेलात की सुप्रभातच्या फुलांतून गृहपाठ शोधावा लागतो. काहींना स्वतःचं वाकडं वळण चारचौघांत टाकायची लाज वाटते. त्यांना वेगळं पाठवू द्या.

आता निवड. कागदवाल्यांसाठी व्हॉट्सॲप, जोडीला महिन्यातून दोन थेट तास, आणि शिकवायची ती आंग्लकालीन, म्हणजे इंग्रजी अमदानीतली, मोडी; त्यांना शिवकालीन वळणाशी घेणंदेणं नाही, खरेदीखत वाचता आलं की ते खूश. संशोधन करणाऱ्यांना रेकॉर्डेड धडे आणि आठवड्याला एक थेट वाचनसत्र, कारण त्यांना सगळ्या काळांतली वळणं लागतात आणि ती पुन्हा पुन्हा बघावी लागतात. हौशी ज्येष्ठांना थेटच. ते निम्मे मोडीसाठी येतात आणि निम्मे गप्पांसाठी. त्यांना रेकॉर्डिंग दिलंत तर ते 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवतील. तिन्ही गट एकाच वर्गात कोंबायचा मोह होईल, फी जास्त जमते म्हणून. मी एकदा केलं. कागदवाले दुसऱ्याच आठवड्यात गेले.

पहिल्या तुकडीला आठच जण घ्या, आणि पैसे खर्च करायचेच असले तर सॉफ्टवेअरवर न करता फोनच्या स्टँडवर आणि एका दिव्यावर करा. दिवा डाव्या बाजूला ठेवा. उजवीकडे ठेवलात तर हाताची सावली नेमकी रेघेवर पडते.