चालता चालता बंद पडणारी गाडी आणि आठ महिन्यांचा मल्टीमीटर

मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज, करंट वगैरे मोजायचा हातातला मीटर, नोव्हेंबरात घेतला, आता जुलै संपत आलाय. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक केलं असतं, डिसेंबरात बसलो असतो तर शिव्या घातल्या असत्या. आता दोन्ही थोडं थोडं.

आधी गाडीबद्दल. मी इंग्लंडात कॉव्हेंट्रीजवळ राहतो. गाडी नव्वदच्या दशकातली, दोन सीटर, छत उघडणारी, १.८ लिटर पेट्रोल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण शेवटी दोष तिचा निघालाच नाही. अर्धा तास मस्त चालायची आणि मग ए-४६ वर साठ मैलांच्या वेगात एकदम झटका, कोणीतरी चावी बंद करून पुन्हा चालू केल्यासारखा. कधी लगेच उचलायची, कधी ठार बंद. कडेला घेऊन दहा मिनिटं थांबलं की पहिल्या सेल्फला सुरू. गॅरेजमध्ये नेली की तासभर आयडलवर शहाण्यासारखी उभी.

मीटर घ्यायच्या आदल्या हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत दोन गॅरेजांनी मिळून इंधनपंप, क्रँक सेन्सर (इंजिनचं फिरणं ओळखणारा) आणि इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारी) बदलली. कॉइल एप्रिलमध्ये बदलली आणि मेपासून गाडी सुतासारखी सरळ. मी त्या मेकॅनिकला मिठाई देऊन आलो. ऑक्टोबरात पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

कॉम्प्युटर लावून बघा, असं सगळेच सांगतात. ओबीडी-२, म्हणजे गाडीला कॉम्प्युटर जोडून दोष वाचायची ठरलेली पद्धत, अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचं झालं, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून. माझी त्याआधीची, त्यामुळे दिव्याच्या उघडझापेवरून दोषाचे कोड मोजायचे. कोड एकही नव्हता. तेव्हा मला ते चांगलं लक्षण वाटलं. खरं तर तीच पहिली खूण होती: ज्या ईसीयूची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) वीजच जाते, तो तक्रार लिहून ठेवणार कशी?

दुसरी खूण आरपीएमच्या काट्याची, आणि ती फुकट मिळते. पेट्रोल तुटलं तर गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिन फिरवत राहतात, ठिणगी पडत राहते, काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरतो. माझा काटा धपकन शून्यावर यायचा आणि झटक्यानंतर उडी मारून परत वर. म्हणजे इग्निशनचा सिग्नल किंवा त्याची वीज जात होती. हे मला आधी ठाऊक असतं तर पंपाचे पैसे वाचले असते.

आता मीटर. ६० पौंडांच्या आसपासचा, मिन-मॅक्स (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा लक्षात ठेवण्याची सोय) असलेला. पहिल्याच रविवारी बॉनेट उघडून जिथे प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) पोचेल तिथे मोजलं. बॅटरी १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १४.१, फ्यूजवर तेच, रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पायावर तेच. सगळं उत्तम, आणि संध्याकाळी गाडी पुन्हा बंद.

मिरजेला माझे काका आहेत, चाळीस वर्षं ट्रक-ट्रॅक्टरचं वायरिंग केलंय. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, मीटर काय मागतो त्या वायरीकडून? काहीच नाही. बल्ब लावून बघितलास का?" डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध सहसा १० मेगाओहम असतो, त्यातून वाहणारा करंट मायक्रोअँपिअरमध्ये. वायरीची एकच तार शिल्लक असली तरी मीटर १२.६ दाखवणारच. तिथेच २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावला की पावणेदोन अँपिअर मागतो आणि सडलेला जोड उघडा पडतो. मी इंजिनिअर आहे, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. काकांना कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी मीटर वापरायची पद्धतच बदलली. व्होल्टेज किती आहे हे मोजायचं नाही, वाटेत किती हरवतंय ते मोजायचं. एक प्रोब वायरीच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला, सर्किट चालू आणि लोडवर, म्हणजे करंट वाहत असताना. एका चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टच्या आतच पडायला हवं. या पद्धतीने अर्थिंगची पट्टी सापडली, इंजिन ते बॉडी ०.७ व्होल्ट. घासून साफ केली, ०.०५ वर आली. मला वाटलं जिंकलो. तीन दिवसांनी केनिलवर्थच्या बायपासवर पुन्हा झटका.

उभ्या गाडीत न दिसणारा दोष चालत्या गाडीतच पकडावा लागणार होता. डॅशबोर्डवर तीन एलईडी चिकटवले, प्रत्येकाला १ किलोओहमचा रेझिस्टर आणि उगमापाशी १ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज विसरू नका, वायर घासली तर गाडी पेटेल. पहिला दिवा इग्निशन स्विचच्या आउटपुटवर, दुसरा मेन रिलेच्या ८७ नंबरच्या, म्हणजे वीज बाहेर जाणाऱ्या, पायावर, तिसरा पंपाच्या वायरीवर. इथे मुद्दाम बल्ब नाही लावले. बल्बची तार विझायला वेळ घेते, एलईडी लगेच विझतो. बायको शेजारी बसून फोनवर व्हिडिओ काढत होती. सेकंदाला तीस फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची. घरी येऊन फ्रेम-फ्रेम बघितलं तर दुसरा आणि तिसरा दिवा दोन फ्रेम गायब, पहिला अखंड तेवतोय. तीन दिव्यांचा खर्च दोन पौंड सुद्धा नाही.

म्हणजे दोष चावीच्या पुढे आणि मेन रिलेपर्यंत. रिले हॉर्नच्या रिलेशी बदलून बघितला, फरक शून्य. मग उरली रिलेच्या कॉइलला जाणारी ८६ नंबरची वायर.

याच फेऱ्यांमध्ये बायको म्हणाली, "पाय भाजतायत, हीटर बंद कर." केला. परतीच्या पाऊण तासात झटका आला नाही. "हीटर बंद केल्यापासून काही झालं नाही बघ," ती म्हणाली. मी योगायोग म्हणून उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी हट्टाने हीटर फुल्ल ठेवला आणि विसाव्या मिनिटाला गाडी कडेला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: मे ते सप्टेंबर गाडी चांगली होती ती नव्या इग्निशन कॉइलमुळे नाही, हीटर बंद होता म्हणून. मी इतके दिवस इंग्लंडच्या ओलाव्याला बोल लावत होतो.

डॅशखाली डोकं घातलं. हीटरच्या नळीला टेकून एक काळा डबा, आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला इमोबिलायझर, म्हणजे चोराला गाडी सुरू करू न देणारं यंत्र. रिलेकडे जाणारी इग्निशनची तीच वायर कापून त्यातून फिरवलेली आणि जोड निळ्या दाबून बसवायच्या क्लिपांचे. एका क्लिपवर मीटर लावला, लांब वायरी सीटपर्यंत आणल्या, मिन-मॅक्स चालू करून फिरायला गेलो. थंड असताना ०.३ व्होल्ट. तिसऱ्या फेरीत मीटरवर कमाल आकडा १३.६. सगळी वीज त्या एका क्लिपमध्ये हरवत होती.

तिसऱ्याच फेरीत का, तर इथे मीटरवरची माझी मुख्य तक्रार येते. साधा मिन-मॅक्स १०० मिलिसेकंदांपेक्षा छोटी घटना पकडत नाही. ३००० आरपीएमला तेवढ्या वेळात इंजिन पाच फेरे मारतं, चार सिलिंडरच्या दहा ठिणग्या चुकतात, झटका बसतो आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. मिलिसेकंदाचं पीक-होल्ड (क्षणिक टोकाचा आकडा धरून ठेवणं) असलेला मीटर महाग पडतो, पण या कामासाठी तोच घ्यायला हवा होता. शिवाय ऑटो-रेंज (मीटरने स्वतःच मोजायची मर्यादा निवडणं) बंद करून रेंज हाताने पक्की करावी लागते, नाहीतर रेंज बदलण्यातच क्षण निघून जातो. पंधरा मिनिटांनी हा मीटर स्वतःहून झोपतो. पहिली फेरी त्यातच वाया गेली. झोप घालवण्यासाठी सुरू करताना एक बटण दाबून धरायचं, हे माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या पानावर. बॅकलाइट दहा सेकंदांत जातो. थंडीत प्रोबच्या वायरी वाळलेल्या दोरीसारख्या ताठ होतात. सिलिकॉनच्या वेगळ्या घेतल्या.

कौतुकही आहे. डिसेंबरात लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरून बॅटरी मोजली. ठिणगी, फट् आवाज, पण फक्त आतला फ्यूज गेला. दोनदा काँक्रीटवर पडलाय, बॅटरीचे आकडे अजून दुसऱ्या मीटरशी जुळतात.

मध्येच हौसेने दोन चॅनेलचा छोटा ऑसिलोस्कोपही (विजेची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेतला, मीटरच्या अडीचपट किमतीचा. क्रँक सेन्सरची लाट बघायला सुंदर दिसते. झटक्याच्या वेळी ती अखंड होती, म्हणजे बदललेला जुना सेन्सर बहुधा निर्दोष होता. एवढं कळलं, पण ते दोन पौंडांच्या दिव्यांनीही कळलंच असतं. सुरुवातीला घेऊ नका.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. क्लिपा कापून टाकल्या, नीट क्रिंप केलेले (पक्कडीने दाबून बसवलेले) जोड, वर गोंदवाली हीटश्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी, आणि डबा हीटरपासून हातभर लांब बांधला. काढून टाकायचा मोह झाला होता, पण विम्याच्या कागदात तो नोंदलेला आहे. जोडावर आता ०.०२ व्होल्ट. फेब्रुवारीपासून एकही झटका नाही, आणि त्यातले दीड महिने हीटर मुद्दाम फुल्ल होता.

मीटर अजून गाडीतच असतो. एप्रिलमध्ये उभ्या गाडीत बॅटरी उतरायची. मोजलं तर १८० मिलिअँपिअर, हवे ५० च्या आत. जुना रेडिओ झोपत नव्हता. सध्या डावी काच हळू चढते. दाराच्या बिजागरीतल्या रबरी नळीतून जाणाऱ्या वायरीत २.१ व्होल्ट हरवतायत. ती नळी अजून उघडलेली नाही.