आधी ‘करामाझॉव्ह’ की आधी ‘कॅरेनिना’?

विस्कटलेल्या कुटुंबाची एखादी मोठी रशियन कादंबरी वाचावी असे ठरवले की निवड बहुधा दोस्तोएव्स्कींची ‘द ब्रदर्स करामाझॉव्ह’ आणि टॉलस्टॉय यांची ‘ॲना कॅरेनिना’ यांच्यातच होते. मी दोन्ही नोकरी सांभाळून, लोकलमध्ये आणि रात्रीच्या जेवणानंतर वाचल्या. लांबलचक रशियन नावांचा घोळ दोन्हींत सारखाच असल्यामुळे तो निकष येथे धरलेला नाही.

पकड घेण्यात ‘करामाझॉव्ह’ वरचढ आहे, हे आधीच मान्य करतो. बाप आणि थोरला मुलगा दिमित्री एकाच स्त्रीच्या मागे आहेत, बापाने तिच्यासाठी तीन हजार रूबल पाकिटात घालून ठेवले आहेत आणि अर्धी कादंबरी उलटल्यावर त्याचा खून होतो; पुढचा खटला तर अप्रतिमच आहे.

माझी अडचण निराळी होती: या पुस्तकात थांबायचे कुठे, हेच कळत नाही. पाचव्या खंडात मधला भाऊ इव्हान खानावळीत धाकट्या अल्योशासाठी माशाचे सूप मागवतो, लहानपणी तुला चेरीचा मुरंबा आवडायचा याची आठवण काढतो आणि मग जे बोलू लागतो ते तीन प्रकरणे संपत नाही. मध्येच स्टेशन आले की युक्तिवादाचा धागा तुटतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मुरंब्यापासून सुरुवात करावी लागते. असे इतक्यांदा झाले की काही आठवडे मी पुस्तक उघडलेच नाही.

दोन्ही कादंबऱ्या ‘रूस्की व्हेस्तनिक’ या एकाच मासिकातून क्रमशः आल्या (‘ॲना’चा शेवटचा भाग तेवढा १८७७ मध्ये स्वतंत्रपणे निघाला), तरी ‘ॲना’ची २३९ प्रकरणे बहुतांशी आटोपशीर आहेत आणि प्रत्येकात काहीतरी पुरते घडते. नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाने गांजलेली डॉली ॲनाकडे पाहुणी जाते, तेव्हा तिथल्या टापटिपीच्या मोलकरणीसमोर आपले ठिगळ लावलेले घरातले जाकीट उघड करताना तिला लाज वाटते. एवढ्या एका प्रसंगात मला दोन संसार दिसले. जमीनदार लेविनची शेती आणि सहाव्या भागातल्या निवडणुका काहींना रटाळ वाटतील, मलाही थोड्या वाटल्या, पण तिथे पुस्तक मिटले तरी काही बिघडत नाही.

अर्थात सलग सुट्टी हाताशी असेल, तर माझा आक्षेप बराचसा गळून पडतो. रोज तासभरच मिळत असेल, तर मी ‘ॲना’ आधी घेईन. आणि तरीही ‘करामाझॉव्ह’च घ्यायची असेल, तर निदान पाचवा खंड रविवारसाठी राखून ठेवावा.